नऊ रुपये दिनार

कादरचे पुढचे दोन दात मी पाडले. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला, भर दुपारी, चाळीस-पन्नास हमालांच्या देखत. गावात सांगतात, भैरूनं पैशापायी दोस्ताला मारलं. जो सांगतो त्याला माझ्याकडं पाठवा. पैशापायी नाही मारलं, रेटपायी मारलं. आणि रेट म्हणजे काय चीज असते ते आखातात सहा वर्षं घाम गाळलेल्यालाच कळतं, बाकीच्यांनी उगाच तोंड उघडू नये.

मी पुण्याशेजारच्या मांजरी गावचा. आता तिथं उसाच्या जागी बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, पण ही गोष्ट नव्वद-एक्याण्णवची. वडील गेल्यावर जमीन थोरल्या संभाजीदादाच्या हातात गेली आणि माझ्या हातात पाना आला. ट्रकचं इंजिन खोलायचं आणि बांधायचं, एवढी एकच विद्या मला येते, आणि ती मला कादरनं शिकवली. तो मोमीनपुऱ्यातला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. हडपसरच्या गॅरेजात मी त्याच्या हाताखाली होतो. चौऱ्याऐंशी साली तो कुवेतला गेला आणि जाताना मलाही बखोटीला धरून घेऊन गेला.

तिथं पोचलो तेव्हा एका दिनारला अडतीस रुपये मिळत होते. आपला रुपया दर वर्षी घसरत गेला, म्हणून दिनार चढत गेला. पंचेचाळीस, पन्नास, आणि नव्वदच्या जुलैत साठ. रेट चढला की दादाच्या पत्राची भाषा बदलायची. अडतीसला मी नुसता ‘भैरू’ होतो. पन्नासला ‘चिरंजीव भैरू’ झालो. साठ झाला तेव्हा ‘आमचे भैरूशेठ यांस’ अशी सुरुवात, आणि खाली वहिनीचा नमस्कार. ह्या वहिनीनं मला आधी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा नीट हातात दिला नव्हता.

घरखर्चाचा ड्राफ्ट महिन्याच्या महिन्याला पुण्याला जायचा. उरलेले पैसे आम्ही दोघं गॅरेजसाठी बाजूला टाकायचो. ठरलंच होतं आमचं. मार्केट यार्डात रोज शेकड्यांनी ट्रक येतात, तिथं मागं एक शेड घ्यायची आणि दोघांच्या नावाची पाटी लावायची. कादर म्हणायचा, हे पैसेसुद्धा रुपये करून पाठवून देऊ. मी म्हणायचो, येडा का खुळा तू? आज साठ आहे, वर्षभरात सत्तर होईल. दिनार दिनारच राहू दे. शेवटी माझंच चाललं, आणि सगळी पुंजी बिस्किटांच्या एका डब्यात पडून राहिली. माझे अकराशे आणि कादरचे चौदाशे.

दोन ऑगस्टला इराकचे रणगाडे आले. तिसऱ्या दिवशी सैनिक आमच्या गॅरेजात घुसले. त्यांना गाड्या पाहिजे होत्या आणि मी किल्ल्या द्यायला तयार नव्हतो. का, ते मला आजही सांगता येणार नाही, गाड्या काय माझ्या बापाच्या होत्या? एकानं बंदुकीचा दस्ता उगारला. तो माझ्या टाळक्यात बसायचा, कादर मध्ये आला म्हणून त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कादरनं धड असलेल्या हातानं माझ्या खिशातल्या किल्ल्या काढून त्यांच्यापुढं टाकल्या आणि मला म्हणाला, “कामाला येताना डोकं घरी ठेवून येतोस का रे?”

मग फर्मान निघालं की कुवेती दिनार आणि इराकी दिनार आता एकाच भावाचे. म्हणजे गेल्या आठवड्यात साठ रुपयांचा असलेला दिनार एका कागदानं पाच रुपयांचा झाला. गॅरेजचा शेठ पळून गेला, बँकांना कुलपं लागली. सप्टेंबरात आम्ही नोटा कापडी पट्ट्यात घालून पोटाला बांधल्या आणि निघालो. बसरा, बगदाद, आणि तिथून जॉर्डनची हद्द.

हद्दीवरच्या वाळवंटात विमानाची वाट बघत पंधरा दिवस तंबूत काढले. पाण्याच्या टँकरपुढं रोज हाणामारी. एकदा एकानं कादरला मोडक्या खांद्याला धरून रांगेतून ओढून काढला. मी त्या माणसाचं नाक फोडलं, खाली पाडला आणि तो गप होईपर्यंत लाथा घातल्या. लोकांनी मला ओढलं नसतं तर तिथंच मुडदा पडला असता. कादर दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मी कुणासाठी मारलं होतं, सांगा बघू?

तिथंच तो पेटीवाला आला. कुठला होता देव जाणे, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. पत्र्याच्या पेटीत कुवेती नोटांच्या गड्ड्या, कोऱ्या करकरीत, कागदाची पट्टीसुद्धा न सुटलेली. म्हणाला, दहा जुने द्या, अकरा नवे घ्या.

आता आमच्या नोटा कशा, तर मेकॅनिकच्या नोटा त्या. ग्रीसनं काळ्या, घामानं मऊ, काही मधून चिरलेल्या आणि चिकटपट्टी लावलेल्या. आणि आम्ही कुठले? पुण्याचे. पुण्यात चिकटपट्टी लावलेली पाचाची नोट पीएमटीचा कंडक्टर घेत नाही. भाजीवाली मावशी नोट उन्हात धरून बघते आणि म्हणते, दुसरी द्या. लग्नातल्या आहेराला कोरी नोट, लक्ष्मीपूजनाला कोरी नोट, भाऊबीजेच्या ओवाळणीला कोरी नोट. मळकी नोट पुढं सरकवायची आणि कोरी दाबून ठेवायची, हे मी आईच्या मांडीवर शिकलो. मला वाटलं देवच पावला. वर दहाला एक फुकट!

कादर म्हणाला, “दहाचे अकरा कोण देतो भैरू? ह्याला काय आपली दया आली?”

“तुला नको असेल तर तू काळ्या नोटा घेऊन फीर. बँकवाला तोंडावर फेकेल.”

“फेकू दे. खरी नोट कशीही असली तरी खरीच.”

“गप रे! सगळी अक्कल तुलाच दिलीय का देवानं?”

त्यानं पट्ट्यावर हात ठेवला. मी त्याला ढकलला. खांदा मोडलेला माणूस तो, सरळ वाळूत पडला. त्याच्या छातीवर गुडघा ठेवून मी पट्टा सोडवला आणि दोघांच्या नोटा बदलून घेतल्या. अडीच हजाराचे पावणेतीन हजार झाले. कादर कण्हत उठला, कपड्यांवरची वाळू झटकली आणि म्हणाला, “बरं. झालं तुझं समाधान?” मी त्याला कोऱ्या नोटांचा वास घ्यायला लावला.

पुण्यात आलो आणि दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो. काचेमागच्या माणसानं नोटेकडं बघितलंसुद्धा नाही.

“हे चलन सध्या घेत नाही.”

“कधी घेणार?”

“इराकला विचारा.”

लक्ष्मी रोडच्या एका बोळात शरच्चंद्र नावाचा घड्याळजी होता. घड्याळं नावाला, खरा धंदा परदेशी नोटांचा, तोही चोरून. डोळ्याला भिंग लावून त्यानं आमची नोट निरखली. “फारच छान नोट आहे,” म्हणाला. “इतकी छान कुवेतची नोट मी अजून पाहिली नव्हती. बावीस देईन.”

“साठाची आहे ती!” मी ओरडलो.

“साठाची होती. मीसुद्धा एके काळी सडपातळ होतो.”

मी काउंटरवरून त्याची कॉलर धरली आणि त्याला अर्धा बाहेर ओढला. भिंग खाली पडून फुटलं. “भैरू, सोड! भैरू!” करत कादरनं मला बाजूला ओढलं आणि त्या माणसाची माफी मागितली. बाहेर आल्यावर मी शपथ घेतली की साठाच्या खाली एक नोट विकणार नाही. कुवेत आज ना उद्या सुटणार, दिनार परत साठाचा होणार. कादर म्हणाला, “नाही सुटलं तर?”

दिवाळीला बाजारात दिनारचा रेट अठरावर आला. घरी माझं ताट शेवटी वाढलं जायला लागलं. डिसेंबरात चौदा झाला, आणि एका दुपारी मी जेवायला बसलो तर दादा ओट्यावरून म्हणाला, “भैरूशेठ, येशीत रद्दीवाला आलाय. किलोवर घेतोय. तुझा माल काढ की भायेर!”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी भरलं ताट फेकून मारलं. ते त्याच्या कपाळावर बसलं, भुवईपासून रक्त आलं. दादानं कुडाला खोचलेला ऊसतोडीचा कोयता उपसला. मी हात आडवा धरला म्हणून मान वाचली, पण कोपराखाली हाड दिसेपर्यंत मांस उघडं पडलं. तसाच मी त्याच्या अंगावर गेलो आणि त्याचं डोकं जात्यावर आपटलं. वहिनी बोंबलत होती, “आरं मारतोय! मारतोय ह्यो!” कोण कुणाला मारतोय ते तिलाही सांगता आलं नसतं. सख्खे भाऊ आम्ही, आणि भांडण कशाचं, तर कुवेतच्या नोटेला लक्ष्मी रोडवर काय मिळतं ह्याचं.

हाताला सात टाके घेऊन मी मोमीनपुऱ्यात गेलो, कादरच्या दोन खोल्यांत. त्याची बायको, नजमा भाभी, हिनं रोज माझी पट्टी बदलली. हात चालत नव्हता तेव्हा भाकरी कुस्करून दिली. पावणेतीन हजार दिनार तिच्या लोखंडी पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवले. पेटीची किल्ली कादरच्या करगोट्याला.

जानेवारीत तिकडं लढाई पेटली. मी त्या आठवड्यात पुण्यात नव्हतो, हुबळीच्या वाटेवर बंद पडलेल्या एका ट्रकचं इंजिन बांधायला गेलो होतो. परत आलो तर कादर मला हाताला धरून मार्केट यार्डामागं घेऊन गेला. पत्र्याची शेड, पुढं चार ट्रक लागतील एवढी जागा. डिपॉझिट भरलेलं. कागदावर दोघांची नावं, माझं आधी.

“पैसे कुठून आणलेस?”

“एका नातेवाइकानं दिले. फेडू सावकाश.”

मी त्याला उचलून गरागरा फिरवला. पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले, हे मी कुणापुढंही कबूल करीन. सकाळी सातला शेड उघडायचो. गेनबा हमाल चहा घेऊन यायचा आणि म्हणायचा, “आलं का कुवेतचं शेख?” कामाला तोटा नव्हता. संध्याकाळी कादर हात धुता धुता गाणं म्हणायचा, फार वाईट म्हणायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी कुवेत सुटलं. आणि मार्चमध्ये एका सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी पेपर वाचून दाखवला, कुवेत सरकार नव्या छापाच्या नोटा काढणार, जुन्या पूर्ण किमतीनं बदलून देणार. बाजारात दिनार पासष्टावर गेला. पासष्ट! मी पावशेर पेढे घेतले आणि धावत शेडवर आलो. कादर ट्रकखाली झोपून काम करत होता. त्याच्या पायाला धरून मी त्याला बाहेर ओढला.

“ऊठ! पासष्ट झाला! चल, पेटी उघड!”

कादर उठला. हात पुसले. माझ्याकडं बघेना.

“नोटा नाहीत,” म्हणाला. “जानेवारीत त्या घड्याळजीला विकल्या.”

“कितीला?”

“नऊ.”

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याचा चेहरा बघितला.

“नऊ? साठाचा दिनार नऊनं?”

“लढाई पेटली, सगळे म्हणाले आता कागद झाला. शेडचा मालक जागा दुसऱ्याला देत होता. तुला विचारलं असतं तर तू विकू दिल्या असत्यास? भैरू, हे गॅरेज पाहिजे होतं ना आपल्याला? हे बघ, उभं आहे.”

पहिला ठोसा मारला तेव्हा माझ्या हातात पाना होता की नव्हता, मला खरंच आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, होता. दात तेव्हाच पडले. मी म्हणालो, “माझे अकराशे! माझे!” आणि प्रत्येक शब्दाला एक ठेवून दिला. कादर गुडघ्यावर बसला, मग हातावर. त्यानं माझ्यावर हात उचलला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. ज्या खांद्यावर त्यानं माझ्यासाठी दस्ता झेलला होता त्याच खांद्यावर मी लाथ मारली. मुद्दाम मारली, मला माहीत होतं तो कुठला खांदा आहे. पेढे सगळे ऑइलमध्ये सांडले होते. गेनबा आणि चार हमालांनी मला पोत्यासारखा उचलून बाजूला टाकला.

“चोर आहेस तू!” मी लांबूनच ओरडलो. “पासष्टाच्या रेटनं माझे पैसे टाक, नाहीतर जीव घेईन.”

कादर रक्त थुंकला आणि म्हणाला, “ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.” बोबडं बोलत होता. मी त्या दिवसापासून शेडवर पाय ठेवला नाही.

सोलापूर रोडला एका गॅरेजात मी रोजावर काम धरलं आणि तिथंच बाकड्यावर झोपायला लागलो. रोज हिशेब करायचो. अकराशेचे झालेले बाराशे दहा गुणिले पासष्ट. मग बाराशे दहा गुणिले नऊ. मग वजाबाकी. दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भेटेल त्याला सांगायचो, दोस्तानं बुडवलं. लोक चकचक करायचे, आणि मला बरं वाटायचं.

मे महिन्यात गेनबा मला शोधत आला. बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला.

“कादरला मारलंय. शेडवर येऊन मारलं, काल. उजव्या हाताची बोटं मोडलीत. सरकारी दवाखान्यात हाय.”

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं. मग बोटांचं ध्यानात आलं. मेकॅनिकचा उजवा हात म्हणजे त्याचं पोट.

“कुणी?”

“त्या घड्याळवाल्याची मानसं व्हती म्हंत्यात.”

माझं टाळकं सरकलं. कादरला मारायचा हक्क असलाच तर तो माझा. हा घड्याळवाला कोण? नऊनं नोटा घेतल्या, पासष्टानं विकल्या, आणि वर माझ्या उस्तादाचा हात मोडतो? मी टायर काढायची लोखंडी टॉमी पिशवीत घातली आणि बसनं लक्ष्मी रोडला उतरलो.

दुकानात शरच्चंद्र एकटाच होता. मला बघून म्हणाला, “या. घड्याळ दाखवायला आलात की—”

पुढचं मी बोलू दिलं नाही. पहिला घाव काचेच्या कपाटावर घातला, दुसरा भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर. शटर अर्धं खाली ओढलं. तो मागच्या दाराकडं सरकला, तर त्याला केसाला धरून परत काउंटरशी आणला आणि त्याचा उजवा हात काचांच्या तुकड्यांवर दाबून धरला.

“कादरची किती बोटं मोडलीस?”

“मी नाही, माझी माणसं—”

“किती?”

“चार.”

मी टॉमी त्याच्या मनगटावर घातली. तो असा किंचाळला की बोळातलं कुत्रं पळालं. नंतर मात्र त्याची ती पुणेरी मिजास कुठल्या कुठं गेली आणि रडत रडत तो ओरडायला लागला, “मला का मारता? मी बुडालोय! तुमच्या नोटांपायी मी बुडालोय!” डाव्या हातानं त्यानं खण ओढला आणि गड्ड्या माझ्या अंगावर फेकल्या. आमच्याच होत्या. वाळवंटातल्या पट्ट्यासुद्धा तशाच.

“बघा! एकही नोट गेली नाही. कुवेतनं नंबरांची यादी काढलीय. इराकी लोकांनी बँकेतून लुटलेल्या नोटांचे नंबर. त्या सगळ्या रद्द.”

“लुटलेल्या म्हणजे कुठल्या?”

“कोऱ्या! तिजोरीतल्या, बाजारात कधी न आलेल्या! मळक्या, काळ्या, फाटक्या नोटा पासष्टानं गेल्या, त्यावर मी कमावलं. ह्या कोऱ्या म्हणजे नुसता कागद. पंचवीस हजार रुपये मी ह्या कागदांना दिलेत.”

माझ्या हातातून टॉमी गळाली. मी तिथंच काचांमध्ये बसलो. आमच्या काळ्या नोटा खऱ्या होत्या. कादर वाळूत आडवा पडून तेच सांगत होता आणि मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला होता. त्यानं नऊनं विकल्या नसत्या तर माझ्या अकराशेचं शून्य झालं असतं. ना शेड, ना कागदावर नाव, काही नाही. नऊ रुपये हा त्या नोटांना ह्या जगात मिळालेला शेवटचा भाव होता, आणि तो त्यानं मिळवला होता. त्याबद्दल मी त्याला मारलं.

शरच्चंद्र मनगट छातीशी धरून कण्हत होता. “पैसे दोघांकडून वसूल करणार होतो,” म्हणाला. “तुमच्याच नोटा होत्या ना निम्म्या? पण तुमचा पत्ता नव्हता. माणसांनी त्याला विचारलं, ‘तो तुझ्याबरोबरचा तापट माणूस कुठं राहतो? भैरू म्हणत होतास तू त्याला.’”

“मग?”

“म्हणाला, भैरू नावाच्या कुणाला मी ओळखत नाही. नोटा सगळ्या माझ्याच.” त्यानं नाक पुसलं. “चार वेळा विचारलं. दर वेळेला एक बोट. चारही वेळा तेच म्हणाला.”

मी उठलो. त्याला आणखी मारावं असं हातांना वाटत होतं, पण माझे पाय बाहेर निघाले. पोलिसात तो जाणार नव्हता, त्याचा धंदाच तसला. मी दवाखान्यापर्यंत चालत गेलो, काचांनी कापलेल्या हातातून रक्त गळत होतं, लोक बाजूला होत होते.

वॉर्डच्या दारात नजमा भाभी बसली होती. मला बघून उठली, पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. एकदा नाही, दमेपर्यंत मारली. मी म्हणालो, “मारा भाभी, अजून मारा.” ती म्हणाली, “तुला मारून माझ्या माणसाचा हात येणार आहे का? चालता हो!” आणि भिंतीला टेकून मोठ्यानं रडायला लागली. तिच्या बाजूनं मी आत शिरलो.

कादर तिसऱ्या खाटेवर होता. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. दोन महिन्यांत निम्मा झाला होता. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि सगळं एका दमात बोलून गेलो. नोटांचे नंबर कळले, चूक माझी होती, तुझं ऐकलं नाही, तुला मारलं. घड्याळवाल्याचा हात मोडून आलोय. आता गॅरेजचं सगळं काम मी करीन, तू फक्त खुर्चीत बसून सांगायचं. उस्ताद, एक शब्द बोल. शिवी दे. आईवरून दे.

तो माझ्याकडं बघत होता. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला कळला असता, रागाची माझी चांगली ओळख आहे.

गडबड ऐकून वॉर्डबॉय आला. माझा रक्तानं भरलेला शर्ट बघून म्हणाला, “ओ, कोण तुम्ही? पेशंटचे कोण लागता?”

“दोस्त आहे मी त्याचा. भैरू. विचारा त्याला.”

वॉर्डबॉयनं कादरकडं बघितलं. “ओळखता का ह्यांना?”

“भैरू नावाच्या कुणाला मी ओळखत नाही,” कादर म्हणाला.

अगदी शांतपणे म्हणाला. चार बोटं मोडताना जसं म्हणाला असेल तसंच. मी खाटेचा लोखंडी गज धरून लहान पोरासारखा रडलो, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं पाय चादरीत ओढून घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं. वॉर्डबॉयनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.